पाच वाक्यांचे पत्र, सहाशे आठ दाखले

दुर्मिळ लक्षणांचा रुग्ण आढळला की डॉक्टर त्याची हकिकत शोधपत्रिकेत छापतात. अशा रुग्णवृत्तांताने सहसा काही सिद्ध होत नाही. 'आम्हाला असे दिसले, तुम्हालाही दिसते का?' एवढेच तो विचारतो. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना झालेल्या एका विरळा न्यूमोनियाची नोंद आली. पुढे ज्याला एड्स म्हटले गेले, त्याची ही सुरुवातीची नोंद. इतर डॉक्टरांनी आपापले रुग्ण तपासून पाहिले, म्हणून तिला मोल आले.

याच्या नेमके उलट उदाहरण एका छोट्या पत्राचे आहे. बोस्टन येथील जेन पोर्टर व हर्शेल जिक यांनी ते लिहिले आणि जानेवारी १९८० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने छापले. पत्रात अवघी पाच वाक्ये आहेत. रुग्णालयात दाखल असलेल्यांपैकी ११,८८२ जणांना अफूवर्गीय औषध निदान एकदा दिले गेले. पूर्वी व्यसन नसलेल्या रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची खात्रीलायक नोंद मिळाली, असे ते सांगते.

आता पत्रात काय नाही ते पाहू. औषध किती दिवस दिले? घरी गेल्यावर रुग्णांचे काय झाले? व्यसन कसे ओळखले? यांपैकी कशाचेही उत्तर तेथे नाही. रुग्णालयात परिचारिकेच्या हातून मिळणारी मात्रा आणि पाठदुखीसाठी घरी महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेखकांनी त्या एक मानल्या नव्हत्या. त्या एक मानल्या दाखला देणाऱ्यांनी.

हे उघड झाले २०१७ साली. टोरंटोच्या संशोधकांनी या पत्राचे पुढील लेखांतले ६०८ दाखले जमवले. त्याच सुमारास त्याच पत्रिकेत आलेल्या इतर पत्रांना मध्यमानाने ११ दाखले मिळाले होते. या ६०८ पैकी ४३९ लेखांनी, म्हणजे ७२ टक्क्यांनी, व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून पत्र पुढे केले. ४९१ लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलेच नाही.

या पाहणीचा मोठा गुण असा की ती नुसत्या मोजणीवर थांबली नाही. १९६४ साली यूजीन गारफिल्ड यांची विज्ञान संदर्भसूची निघाल्यापासून दाखल्यांची संख्या म्हणजे लेखाची योग्यता, असा समज रुजला. पण संख्या फक्त किती जणांनी नाव घेतले ते सांगते. वाचून घेतले की ऐकून, हे कळण्यासाठी प्रत्येक दाखला उघडावा लागतो. टोरंटोच्या गटाने ते कष्ट घेतले. पाहणीला मर्यादाही आहे. डॉक्टरांनी औषधे लिहून दिली ती या पत्रामुळेच, हे दाखल्यांच्या गणतीने सिद्ध होत नाही. औषध कंपन्यांची जाहिरातबाजीही होतीच. ऑक्सिकॉन्टिन या गोळीची व्यसनाधीनतेबाबत दिशाभूल करणारी जाहिरात केल्याचा गुन्हा पर्ड्यू समूहातील कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला. १९९९ ते २०१५ या काळात डॉक्टर लिहून देतात त्या अफूवर्गीय औषधांनी अमेरिकेत १ लाख ८३ हजारांहून अधिक माणसे दगावली. पाहणीनंतर पत्रिकेने मूळ पत्रावर सावधगिरीची टीप जोडली. तोवर ३७ वर्षे उलटली होती.

पत्र पाचच वाक्यांचे असताना ते वाचायला कोणाला वेळ नव्हता, असे म्हणता येणार नाही. एकाने दुसऱ्याचा दाखला उचलला, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि निरीक्षणाचा सिद्धांत झाला.

शाळेत हे करून पाहता येईल. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' असे वाक्य वर्तमानपत्रातून निवडावे आणि विद्यार्थ्यांना उलट्या वाटेने मुळापर्यंत जायला सांगावे. किती जणांवर, कोठे आणि किती काळ पाहिले, हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवले तरी पुरे.