खांब एक, नजरा दोन

‘पोल डान्स’ हा शब्द घरात उच्चारला की वडीलधारी माणसे विषय बदलतात. ‘मल्लखांब’ म्हटले की तीच माणसे कौतुकाने नातवाला पुढे बोलावतात. वस्तुतः दोन्हीकडे दिसणारी गोष्ट फारशी निराळी नाही. एक उभा खांब, त्याला बिलगलेले एक मनुष्यशरीर, आणि त्या शरीराने स्वतःच्याच वजनाशी मांडलेला डाव. तरीही एकाला आपण विद्या म्हणतो आणि दुसऱ्याला चाळे. हा भेद कलेत आहे की पाहणाराच्या डोळ्यांत, हे तपासून पाहिले पाहिजे. कारण मुलींनी काय शिकावे आणि कोणत्या बाईला कलावंत म्हणावे, हे अखेर याच उत्तरावर ठरत असते.

नाशिककराला तर हा विषय टाळताच येणार नाही. मल्लखांबाची जी कथा तालमीतालमींतून सांगितली जाते, तिचे स्थान वणीचा सप्तशृंगगड हेच आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब असे दोन पहिलवान आले. त्यांचे आव्हान कोणी घेईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटदादा देवधरांनी ते घेतले आणि तयारीसाठी गडावर जाऊन देवीची उपासना केली. तेथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावर त्यांना डाव शिकविले, अशी ही कथा. तिला कथा म्हणूनच मान द्यावा. पण पेशवाईच्या उतरणीला बाळंभटदादांनी या विद्येचे पुनरुज्जीवन केले, असे व्यायामक्षेत्रात सर्वत्र मानले जाते. विद्या मात्र त्याहूनही जुनी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे.

आज मल्लखांबाला जो मान आहे तो मात्र अलीकडचा आणि कष्टाने मिळविलेला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून देशी व्यायामाचा संसार थाटला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ युरोपला दाखविले. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराने १९२५ पासून शिवाजी पार्कवर पिढ्या घडविल्या. पहिली जागतिक स्पर्धा २०१९ साली तेथेच झाली. २०२१ चा अर्जुन पुरस्कार हिमानी परब या मुंबईच्या मुलीला मिळाला आणि २०२४ साली उदय देशपांडे यांना पद्मश्री. एवढी शंभर वर्षांची पायपीट झाली, तेव्हा कुठे खांबावरचे शरीर निःशंक डोळ्यांनी पाहण्याची आपल्याला सवय लागली.

आता पोल डान्सकडे वळू. येथे खांब लाकडी नसून पोलाद किंवा पितळेचा, गुळगुळीत, स्पर्धेत पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे मनगटाएवढा. एक खांब स्थिर असतो, दुसरा स्वतःभोवती फिरणारा. आपला मल्लखांब शिसवी किंवा सागवानी, जमिनीवर पुरुषभर उंचीहून अधिक, खाली जाड आणि वर निमुळता होत जाऊन शेवटी मान व बोंड असलेला. त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे वेगाने सरकताना कातडी सोलवटत नाही. मल्लखांबाचा मूळ हेतू मल्ल तयार करण्याचा. खांब हाच प्रतिस्पर्धी. त्याला कवळायचे, वेढायचे, त्याच्यावर मात करायची. पोल डान्समध्ये खांब हा जोडीदार असतो. त्याच्याशी झुंजायचे नसते, त्याच्यासह संगीतावर डोलायचे असते. एकाच वस्तूशी जोडलेली ही दोन नाती आहेत आणि दोन कलांचा खरा फरक एवढाच.

लोकांचा पहिला आक्षेप तोकड्या कपड्यांवर असतो. येथे थोडे व्यवहारज्ञान उपयोगी पडेल. धातूच्या खांबावर कापड घसरते, कातडी धरून ठेवते. मांडी, पोटरी, बगल, कोपराची लवण, जेथे जेथे शरीर खांबाला पकडते तेथे ते उघडे नसेल तर नर्तिका डोक्यावर आदळेल. मल्लखांबपटू लंगोट किंवा आखूड चड्डी घालतो, त्याचेही कारण हेच. त्या लंगोटात कोणाला काही वावगे दिसत नाही. शरीर पुरुषाचे असले की आपण त्याला पीळदार म्हणतो, स्त्रीचे असले की उघडे म्हणतो! स्पर्धांतही मुलींच्या वाट्याला दीर्घकाळ दोरीचा मल्लखांब आला. पुरलेल्या खांबावर त्या अलीकडेच चढू लागल्या. दोरीवरचे काम खांबाहून सोपे आहे असे म्हणणाऱ्याने पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत दोरी धरून एकदा शरीर तोलून पाहावे.

लवचिकपणाविषयीही असाच गैरसमज आहे. अंग मऊ असणे ही दैवाची देणगी किंवा बायकी नजाकत, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती सावकाश केलेली कमाई असते. अंग तापवून, श्वास सोडत, रोज थोडेथोडे ताणावे लागते. घाईने ओढलेला स्नायू महिनोन्‌महिने सूड घेतो. शिवाय नुसता लवचिकपणा पुरत नाही. पाय जेवढा वर जातो तेवढा तो तेथे तोलून धरण्याचे बळ नसेल, तर सांधाच दुखावतो. म्हणून चांगले गुरू कमान टाकायला शिकविण्याआधी पाठ आणि पोट बळकट करून घेतात. ‘लवचीक’ हा शब्द ऐकताच ‘लवणे’ आठवते, आणि लवणे म्हणजे वाकणे तसेच नम्र होणेही. खांबापुढे उर्मट शरीर टिकत नाही, हे दोन्ही पंथांचे साधक सांगतील.

तथापि दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. पोल डान्स आजच्या रूपात वाढला तो उत्तर अमेरिकेतील रात्रीच्या क्लबांत, पैसे देणाऱ्या पुरुषांच्या नजरेसमोर. हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण उगमावरून कलेचा निकाल लावायचा, तर आपल्याच घरात फार थोड्या कला शिल्लक राहतील. आज सुखवस्तू घरांतील मुली ज्या भरतनाट्यमचे अरंगेत्रम करतात, ते देवदासींनी जिवंत ठेवलेले नृत्य. १९३५ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल रंगमंचावर आल्या तेव्हा प्रतिष्ठितांना धक्काच बसला होता. लावणी तर आपलीच. विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतिपदके मिळाली, पण अखेरच्या दिवसांतली ओढाताण काही चुकली नाही. पदक दिले की देणे फिटले, असा आपला हिशेब दिसतो.

चित्रपटाचेही तेच. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळेना, तारामती अण्णा साळुंके या पुरुषाला व्हावे लागले. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले, आणि ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची कोवळी मुलगी कमला मोहिनी झाली. ज्या कामाला बाया तयार होत नव्हत्या, त्या कामाची आज घरोघर पूजा होते.

आणि खांबाचाच विचार करायचा तर कोल्हाटणीला विसरून कसे चालेल? मल्लखांब तालमीत शिरला, त्याच्याही आधीपासून जत्रेच्या धुळीत कोल्हाटी आणि डोंबारी बाया बांबूवर नि दोरावर आपले अंग तोलीत आल्या. एकनाथांनी तिच्यात भारुडाचा विषय पाहिला. गावाने मात्र चार पैसे फेकले आणि हाताला येईल ते मागितले. त्या समाजाचे दुःख डॉ. किशोर काळे यांनी १९९४ साली ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये मांडले. तोच तोल, तीच पकड, तोच जीव धोक्यात घालणे! पण तालमीतल्या पोराला ढाल मिळाली आणि कोल्हाटणीला शिवी. एवढे ध्यानात घेतले म्हणजे पोल डान्सवरचा आपला राग परक्या कलेवरचा नसून जुन्याच हिशेबातला आहे, हे कळते.

कायद्यानेही एकदा हा हिशेब जाहीर केला. २००५ साली महाराष्ट्राने बारमधील नाच बंद केला, पण तारांकित हॉटेलांना त्यातून वगळले. नाच तोच; गरिबाच्या दारात अनीती आणि श्रीमंताच्या दारात करमणूक! उच्च न्यायालयाने २००६ साली ही बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बारमध्ये बायांचे शोषण होत नव्हते असा याचा अर्थ नव्हे. शोषण करणारा मोकळा आणि नाचणारी घरी, हा न्याय नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

एवढे म्हटल्यावर पोल डान्सची सरसकट भलावण करणे हे टीकाकाराचे काम नाही. कलेला प्रतिष्ठा देणे म्हणजे तिला कसोटी लावणे. या कलेतला पुष्कळसा भाग आजही उसना आहे. डाव पुरा होण्याआधीच नर्तिकेची नजर दादेसाठी प्रेक्षकांकडे वळते, आणि तेथेच नृत्याचा धागा तुटतो. उलट आपल्या मल्लखांबाच्या प्रात्यक्षिकांत दुसरा दोष शिरला आहे. सलाम, अढी, तेढी, वेल, दसरंग हे डाव ठोकळ्यांसारखे एकापुढे एक मांडले जातात, मधल्या संक्रमणाकडे कोणी पाहतच नाही. वर हातात मशाली दिल्या की भीतीलाच टाळ्या पडतात, कौशल्याला नव्हे. मल्लखांबाने पोल डान्सकडून लय आणि विराम शिकावा. पोल डान्सने मल्लखांबाकडून खांबाला आधी नमस्कार करण्याची वृत्ती. दोघांत देवाणघेवाण झाली तर दोन्ही श्रीमंत होतील.

मग चांगले कोणते आणि हिणकस कोणते, हे कसे ओळखावे? नजर प्रथम हातांकडे न्यावी. पकड अखेरपर्यंत शांत आहे का ते पाहावे. मग श्वासाकडे, उलटे लोंबकळतानाही चेहऱ्यावर धाप दिसते का ते पाहावे. शेवटी उतरणे पाहावे, कारण चढणे उमेदीचे काम आहे आणि उतरणे अभ्यासाचे. या तीन गोष्टी साधणारी व्यक्ती लंगोटात असो वा आखूड पोशाखात, शिवाजी पार्कवर असो वा शहरातल्या एखाद्या लहानशा वर्गात, तिला कलावंत म्हणण्यात कुणाची अब्रू जात नाही. यंदाच्या सुट्टीत घरातली एखादी मुलगी ‘मला खांबावर शिकायचंय’ म्हणाली, तर कोणता खांब हे विचारण्याआधी शिकविणारा कसा आहे, खाली गादी अंथरलेली आहे की नाही आणि अंग तापवून घेतात की नाही, एवढे विचारावे. आईबापांच्या काळजीला खरी जागा तेथे आहे.