टेनेसीतले पंधरा

क्रिस्टीन चंग आणि सहकाऱ्यांचा २००८ सालचा शोधनिबंध मी रहस्यकथेसारखा वाचतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधला. सेटक्सिमॅब हे कर्करोगावरचं औषध शिरेतून सोडलं की काही रुग्णांना जिवावरची ॲलर्जी यायची, आणि तीही पहिल्याच डोसाला. मेख इथेच आहे. ॲलर्जीला आधीची ओळख लागते. ही ओळख झाली कुठे?

चंग यांनी औषध कधीच न घेतलेल्यांचंही रक्त तपासलं. औषधाला धरणारी आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं टेनेसीत ७२ पैकी १५ जणांत, उत्तर कॅलिफोर्नियात ४९ पैकी ३, बॉस्टनकडे ३४१ पैकी अवघ्या २. अख्ख्या निबंधातली ही ओळ मला सर्वांत देखणी वाटते. विशेषण एकही नाही, आणि तरी संशयिताचा मुलूख कळतो.

मग त्याची खूण सापडते. औषध बनायचं उंदराच्या पेशींत, आणि त्या पेशी प्रथिनाला अल्फा-गॅल नावाची साखर चिकटवतात. तेच औषध हॅमस्टरच्या पेशींत बनवलं, तर ही प्रतिपिंडं त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत! गाय, शेळी, मेंढी, डुक्कर, सगळ्यांच्या अंगात ही साखर असते. माणसात नाही, आणि देवळाबाहेरच्या आपल्या माकडांतही नाही. ती घडवणारं एन्झाइम आपल्या सामाईक पूर्वजांनीच गमावलं.

म्हणजे साखर परकी, आणि शरीराला ते ठाऊकही. तिच्याविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडं आपल्या सर्वांच्या रक्तात असतात, तरी मटण सुखाने पचतं. ओळख जुनीच, बदलते ती ओळखणाऱ्याची जात. आयजीई मास्ट पेशीच्या अंगावर ठाण मांडून बसतात. एकाच रेणूवरच्या साखरांनी शेजारची दोन आयजीई जोडली गेली, की पेशी हिस्टामाइन ओतते आणि ॲलर्जी उसळते.

ही जात बदलते गोचीड चावल्याने. त्याचा पुरावा २०११ मध्ये आला, आणि त्यात एक गंमत आहे. चंग यांचे सहलेखक थॉमस प्लॅट्स-मिल्स यांना २००७ मध्ये डोंगरात फिरताना गोचिडीच्या पिल्लांनी शेकड्यांनी चावलं होतं. त्यांच्या स्वतःच्या रक्तातली आयजीई चढत गेली. काही महिन्यांनी एका संध्याकाळी ते मेंढीचं मांस जेवले. शिरेतून मिनिटांत होणारी गोष्ट पोटातून व्हायला तास लागतात. मध्यरात्री त्यांच्या अंगावर पित्त उठलं.