कंधारचा किल्ला : नाव, संज्ञा आणि वास्तू

दुर्गांविषयीचे मराठी लेखन बहुतांशी सह्याद्री आणि सागर या दोन परिसरांत वाढले. शिवकालीन गिरिदुर्ग आणि सिंधुदुर्ग, विजयदुर्ग यांसारखे सागरी दुर्ग हे त्याचे आदर्श होत. साहजिकच नांदेड जिल्ह्यातील कंधार किंवा लातूर जिल्ह्यातील औसा व उदगीर येथील भुईकोट किल्ल्यांचे वर्णन करतानाही तीच परिभाषा आणि तीच दृष्टी वापरली जाते. या सवयीतून जे दोष संभवतात, त्यांचा विचार कंधारच्या उदाहरणावरून करता येतो.

पहिला प्रश्न नावाचा. ‘कंधर’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ मेघ, म्हणजे जल धारण करणारा. पाण्याने वेढलेल्या किल्ल्याला ही व्युत्पत्ती मोठी शोभते; परंतु शोभणे हे व्युत्पत्तीचे प्रमाण नव्हे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण (इ. स. 939–967) याच्या संदर्भात ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद प्रसिद्ध आहे. ‘कृष्ण’ या नामाची प्राकृत व कन्नड वळणाची रूपे कण्ह, कन्नर, कन्हर अशी आढळतात. देवगिरीच्या यादवांतील कृष्णाचा निर्देशही कन्हर आणि कंधार अशा दोन्ही रूपांनी होतो. तेव्हा कंधारपूर म्हणजे कृष्णाचे नगर, हा अर्थ ध्वनिदृष्ट्या आणि ऐतिहासिक दृष्ट्याही अधिक ग्राह्य ठरतो. पुढे फार्सी लिपीत हे नाव अफगाणिस्तानातील कंदाहारप्रमाणेच लिहिले गेले. त्यामुळे मोगल तवारिखा वाचताना दोन दूरस्थ किल्ल्यांची गल्लत होण्याचा धोका असतो. संशोधकाने संदर्भ पाहूनच स्थलनिश्चय केला पाहिजे.

दुसरा प्रश्न संज्ञेचा. कौटिल्याने दुर्गांचे औदक, पार्वत, धान्वन आणि वन असे प्रकार सांगितले. औदक दुर्गात पाण्यातील बेटाबरोबर सखल भूमीने वेढलेल्या उंच स्थलाचाही त्याने समावेश केला. आजच्या मराठीत मात्र ‘जलदुर्ग’ या शब्दाचा अर्थसंकोच होऊन तो प्रायः सागरी किल्ल्यापुरता उरला आहे. कंधारला केवळ खंदकातील पाण्यावरून जलदुर्ग म्हणणारा लेखक जुना व्यापक अर्थ आणि नवा संकुचित अर्थ यांची सरमिसळ करतो. सागरी दुर्गाला समुद्र आयता लाभतो. भुईकोटाला पाणी खणून, अडवून आणि राखून मिळवावे लागते. एकाची शक्ती आरमाराशी निगडित, तर दुसऱ्याची तलाव, नदी आणि शेती यांच्याशी. मन्याड नदीचे खोरे आणि जगत्तुंगसागर नावाने ओळखला जाणारा जलाशय वगळून कंधारच्या संरक्षणरचनेचा विचार म्हणूनच अपुरा राहतो.

तिसरा प्रश्न कर्तृत्वाचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. ‘कंधारचा किल्ला तिसऱ्या कृष्णाने बांधला’ हे विधान वारंवार केले जाते. कंधारचे राष्ट्रकूटकालीन वैभव निर्विवाद आहे. तेथील संस्कृत शिलालेख आणि क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे अवशेष त्याची साक्ष देतात. परंतु नगराची प्राचीनता ही आज उभ्या असलेल्या प्रत्येक भिंतीची प्राचीनता नव्हे. तोफा चढविण्याजोगे बुरूज आणि त्यांची जाड तटबंदी ही दारूगोळ्याच्या युगाची गरज होती. दहाव्या शतकात ती गरज नव्हती. बहमनी आणि निजामशाही राजवटींतील बांधकाम, 1631 मध्ये मोगलांनी घेतलेला ताबा, पुढे 1948 पर्यंत टिकलेली आसफजाही सत्ता, हे सारे थर या वास्तूचे घटक आहेत. एकाच राजाला सर्व श्रेय दिल्याने प्राचीनतेचा अभिमान सुखावतो. परंतु उरलेले थर उपरे ठरतात आणि उपऱ्या ठरलेल्या वास्तूची हेळसांड सहज क्षम्य वाटू लागते.

या बाबतीत भाषेची साक्ष उद्बोधक आहे. शिवकालीन राजव्यवहारकोशात दुर्गविषयक फार्सी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरी लोकांच्या तोंडी बुरूज आणि खंदक हेच शब्द राहिले. हुक्म–हुकूम, मुल्क–मुलूख यांप्रमाणेच बुर्ज–बुरूज हे रूप स्वरभक्तीने सिद्ध झाले. अशी रूपे दफ्तराच्या लेखणीपेक्षा गवंडी, शिपाई आणि रयत यांच्या बोलण्यातून घडतात. ‘खंदक’ हा शब्द अरबीतून आला असला, तरी त्याचे मूळ मध्य फार्सीतील ‘खणलेले’ या अर्थाच्या शब्दात आहे, आणि तो धातू मराठीतील ‘खणणे’ या क्रियेच्या मूळ संस्कृत धातूचा सगोत्र आहे. परका म्हणून ज्याला बाजूस सारावे, तो शब्द दूरचा आप्त निघतो.

तात्पर्य, कंधार, औसा आणि उदगीर यांच्या अभ्यासाला कोकणच्या वा सह्याद्रीच्या साच्याची उसनवारी उपयोगी नाही. स्थलनामांची ध्वनिपरीक्षा, शिलालेखांचे वाचन, बांधकामाच्या थरांची नोंद आणि त्या भागातील गवंडी व शेतकऱ्यांच्या तोंडची शब्दसंपत्ती यांचा एकत्र विचार झाला पाहिजे. तट ढासळला तरी त्याचे चिरे काही काळ जागेवर राहतात. त्या तटाची नावे जाणणारी पिढी सरली, की ती नावे पुन्हा उत्खननाने मिळत नाहीत. मराठवाड्यातील पदव्युत्तर संशोधनाने हे कार्य प्रथम हाती घेणे अगत्याचे आहे.