सस्पेन्स अकाउंट

बी.कॉम. झालेल्या माणसाने अमेरिकन कादंबरी वाचू नये, असे रिझर्व्ह बँकेचे काही परिपत्रक नाही. असते, तर मी ती वाचली नसती आणि स्वतः वाचलो असतो.

त्याचे असे झाले, की आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याने (हा इंग्रजी वाचतो आणि ते कोणापासून लपवत नाही) मला एक पुस्तक दिले. म्हणाला, "रहस्यकथा आहे. मोठं घराणं, पडका वाडा, खून. सगळं आहे." पुस्तकाचे नाव 'ॲब्सलम, ॲब्सलम!', लेखक विल्यम फॉकनर, साल १९३६. मी हिशेब केला, शनिवारी रात्री सुरू करू, रविवारच्या जेवणापर्यंत खुनी सापडेल.

खुनी सुरुवातीलाच सापडला. मग उरलेली तीनशे पाने कशासाठी, हे रहस्य!

गोष्ट थोडक्यात अशी. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी राज्यात जेफर्सन नावाचे गाव. (हे गाव नकाशात शोधू नका. ते फॉकनरने स्वतः वसवले आणि पुस्तकाच्या शेवटी त्याचा नकाशा काढून खाली 'एकमेव मालक' म्हणून सहीही ठोकली.) १८३३ साली थॉमस सट्पेन नावाचा इसम घोड्यावरून तिथे येतो. कुठला, कोणाचा, पैसा कसला, कोणालाच पत्ता नाही. आजच्या नियमाने त्याचे केवायसीच झाले नसते! पण हा पठ्ठ्या चिकसॉ लोकांची शंभर चौरस मैल जमीन पदरात पाडून घेतो, गुलाम राबवून मोठा वाडा उठवतो, गावातल्या सोवळ्या घरातली मुलगी करतो. मुलगा हेन्री, मुलगी ज्युडिथ. पुढे हेन्री कॉलेजातला मित्र घरी आणतो. हा चार्ल्स बॉन, न्यू ऑर्लिन्सचा. ज्युडिथशी त्याचे जमते. तेवढ्यात १८६१चे यादवी युद्ध पेटते. दोघे मित्र चार वर्षे एकत्र लढतात, जिवंत परततात आणि वाड्याच्या फाटकापाशी हेन्री आपल्या जिवलग मित्राला गोळी घालतो.

का?

ही गोष्ट सरळ कोणी सांगत नाही. १९०९च्या सप्टेंबरात, त्रेचाळीस उन्हाळे खिडक्या बंद ठेवलेल्या खोलीत बसून, सट्पेनची म्हातारी मेहुणी रोझा ती क्वेंटिन नावाच्या पोराला सांगते. आपल्याकडे एखादी आत्या असते ना, जिला घरातले सगळे ठाऊक असते आणि जी काहीही सरळ सांगत नाही, तशी ही रोझाबाई. मग क्वेंटिनचे वडील आपली आवृत्ती सांगतात. शेवटी हार्वर्डच्या कडाक्याच्या थंडीत क्वेंटिन आणि त्याचा कॅनडातला मित्र श्रीव्ह मध्यरात्रीपर्यंत बसून उरलेले तुकडे अंदाजाने जुळवतात.

आणि वाक्ये! यातले एक वाक्य १२८८ शब्दांचे म्हणून गिनीज बुकात गेले होते. मी एक वाक्य सुरू केले तेव्हा समोरचा चहा गरम होता. पूर्णविराम आला तेव्हा सौभाग्यवतींनी कप विसळून पालथा घातला होता. दुसरी तक्रार अशी, की म्हातारी असो की कॉलेजातला पोरगा, सगळे फॉकनरसारखेच बोलतात.

तरी मी पुस्तक का सोडले नाही? एक तर हा फॉकनर आमच्यातला निघाला. तरुणपणी आजोबांच्या बँकेत हिशेबनीस होता. पुढे विद्यापीठाच्या पोस्टात पोस्टमास्तर झाला, १९२४ साली तेही सोडले आणि १९४९चे नोबेल मिळवले. आमच्या शाखेत पहिल्या दोन अटी पूर्ण करू शकणारे पुष्कळ आहेत.

पण खरे कारण वेगळे. बँकेत एखादी रक्कम येते आणि ती कोणाच्या खात्यात टाकायची हेच कळत नाही. अशी रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. मात्र ती तिथे कायमची ठेवता येत नाही. ऑडिटर येतो आणि तिच्यावर नेमके बोट ठेवतो. चार्ल्स बॉन ही तशी एन्ट्री आहे. सट्पेनने पूर्वी हैतीत एक लग्न केले होते. त्या बायकोच्या अंगात काळ्या माणसाचे रक्त आहे असे कळल्यावर त्याने तिला आणि पोराला सोडले, मालमत्ता देऊन टाकली आणि मनात म्हणाला, खाते बंद. ते पोर वाढून, मुलाचा मित्र म्हणून, दारात उभे राहते. सट्पेनला शेवटपर्यंत आपण गुन्हा केला असे वाटत नाही. बेरजेत कुठेतरी चूक झाली एवढेच वाटते, आणि ती तो शोधत बसतो.

बॉनला जमीन नको, पैसा नको. बापाने एकदा ओळख दाखवावी, एवढेच हवे. ती मिळत नाही. भाऊ-बहिणीचे लग्न हे पापसुद्धा हेन्री कसेबसे गिळायला तयार होतो, पण ते रक्त त्याच्या घशाखाली उतरत नाही. अर्थात हे सगळे त्या दोन पोरांनी जुळवलेले. फॉकनर व्हाउचर कशाचेच देत नाही. आणि त्याच वाड्यात जन्म काढलेली क्लायटी, सट्पेनला गुलाम बाईपासून झालेली मुलगी, तिला मात्र गोष्ट सांगायला कोणी बसवत नाही. हा दोष लेखकाचा म्हणा किंवा त्या वाड्याचा म्हणा. शेवटी वाडा पेटतो तो तिच्याच हाताने.

रविवारी रात्री मला झोप लागली नाही. माझ्या एका काकांनी १९७४ साली परजातीत लग्न केले. आमच्याकडे गोळ्या घालत नाहीत. नाव घेणे बंद करतात. दर दिवाळीला त्यांचे शुभेच्छापत्र यायचे. आजोबा ते उघडायचे, वाचायचे आणि टेबलाच्या खणात ठेवायचे. उत्तर कधी गेले नाही. आजोबा गेल्यावर वडिलांनीही ती प्रथा सांभाळली. मिसिसिपी फार लांब आहे, असे मी शनिवारपर्यंत समजत होतो.

सकाळी वडिलांना विचारले, "काकांचा नंबर कुठं मिळेल हो?"

"कशाला?" एवढेच म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पाच मिनिटांनी पेपरामागून दहा आकडे ऐकू आले. न अडखळता, पाढा म्हणावा तसे.

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून "कोण?" असे आले. अलीकडून बराच वेळ काही गेले नाही. मग वडील म्हणाले, "मी रे."

दोघे भाऊ पाऊण तास बोलले. त्यातली चाळीस मिनिटे गुडघेदुखीवर.