वन्यप्राणी, सातबारा आणि शिकारीची परवानगी : एक चिकित्सा

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचे काही परवाने खाजगी जमीनमालकांना मिळतात आणि ते त्यांना विकताही येतात. अशा परवान्यासाठी शिकारी हजारो डॉलर मोजतात. वन्यप्राणी साऱ्या जनतेचे असताना त्यांच्या शिकारीचे मोल एकट्या जमीनमालकाने का घ्यावे, हा तेथील आक्षेप. आणि त्यांच्या चाऱ्याचा भार आम्हीच सोसतो, हे मालकांचे उत्तर. शिरूर तालुक्यातील पाबळसारख्या अवर्षणप्रवण गावातून या वादाकडे पाहिले असता त्यातील केवळ भाराची बाजू परिचित वाटते. मोबदल्याची बाजू येथे नाहीच.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये आरंभी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपुष्टात आली. उरले ते कलम ११. उभ्या पिकासह मालमत्तेस धोकादायक ठरलेला अनुसूची दोनमधील प्राणी मारण्याची लेखी परवानगी या कलमान्वये देता येते. जुलै २०१५ च्या शासन निर्णयाने रानडुक्कर व नीलगाय यांच्या बाबतीत महाराष्ट्रात हीच वाट सुलभ करण्यात आली. मात्र कलम ३९ नुसार, असा मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. म्हणजे जिवंतपणी पीक खातो शेतकऱ्याचे आणि मेल्यावर होतो सरकारचा!

परवानगीचा कागद महाग नाही. महाग आहे ती बंदूक. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये आहे. तथापि तो मिळविणे, शस्त्र विकत घेणे, ते चालविता येणे आणि अर्जासाठी कचेरीच्या खेपा घालणे हे दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यास कितपत परवडेल? सवलत कागदावर सर्वांना समान आहे. तिचा उपयोग मात्र साधनसंपन्न बागायतदारालाच होण्याचा संभव अधिक. शासनाने संरक्षणाचे आपले दायित्व येथे परवानगीच्या रूपाने शेतकऱ्यावरच सोपविले आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

बिबट्याचा प्रश्न वेगळा. तो अनुसूची एकमध्ये असल्याने अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, आणि तोही पकडणे वा बेशुद्ध करणे अशक्य असेल तरच. शिरूर तालुक्यातीलच पिंपरखेड परिसरात तीन बळी गेल्यानंतर नोव्हेंबर २०२५ मध्ये बिबट्यास गोळी घालण्यात आली. मृत्यूची दखल शासन घेते. रानडुकरांनी एका रात्रीत लोळविलेल्या पिकाची घेतली जाते ती पंचनाम्यापुरती.

नुकसानभरपाईच्या अर्जास सातबारा जोडावा लागतो. मचाणावर रात्र जागणाऱ्या वाटेकऱ्याचे नाव त्यावर नसते. परदेशातील जमीनमालकी परवान्याचे अनुकरण येथे केल्यास हाच दोष वाढेल, कारण तेही हक्क मालकीशीच बांधतात. भरपाईचा हक्क प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या नावे नोंदविणे आणि बंदोबस्ताचे काम वनविभागाने ग्रामपंचायतीच्या मागणीवरून स्वतःच्या खर्चाने करणे, हे दोन बदल अधिनियमाला हात न लावता शासन निर्णयानेही करता येतील.