चेंडू गोल, भाकर गोल

एका दोस्तानं कविता वाचायला दिली. विषय, 2014 चा ब्राझीलमधला फुटबॉल वर्ल्डकप. चेंडू गोल, भाकर गोल. इकडं गोल झाला, तिकडं पोर उपाशी झोपलं. वाचनात टाळ्या पडतील. मी रातपाळीवरून येऊन तीनदा वाचली, पटली नाही. दोस्ता, रागावू नकोस.

या कवितेत भूक पावसासारखी वरून पडते. कुणी पाडली ते नाही. प्रस्थापितांची गरिबीवरची कविता हेच करत आली. मग आपण वेगळं काय केलं?

आता साल्वादोर शहर बघा. गुलाम करून आणलेल्या काळ्या माणसांच्या वंशजांचं शहर. तिथं पांढरा झगा नेसून, डोक्याला फडकं बांधून बाया रस्त्यावर आकाराजे तळतात. आकाराजे म्हणजे चवळी वाटून पामच्या तेलात तळलेलं भजं. गुलामीच्या काळापासूनचा धंदा. 2005 साली सरकारनंच याला राष्ट्रीय वारसा म्हणून मान दिला. पर्यटनाच्या चित्रांत ही बाई हमखास असते. फोंते नोवा स्टेडियमातही ती भजी विकायची. मग जुनं स्टेडियम पाडून वर्ल्डकपसाठी नवं बांधलं.

2012 साली वर्ल्डकपचा खास कायदा झाला. त्याचं कलम 11 वाचा, त्यात कवितेपेक्षा जास्त माल आहे. स्टेडियमभोवती दोन किलोमीटरपर्यंतचा पट्टा फिफा आणि तिच्या कंपन्यांच्या धंद्याला राखून ठेवता येईल. आधीपासून चालू दुकानांना सूट. टोपलीला दुकान कोण म्हणणार? पट्ट्यात बर्गर मॅकडोनाल्ड्सचा, पेय कोका-कोलाचं, बियर बडवायझरची.

बियरची गंमत ऐका. मारामाऱ्या होतात म्हणून तिथल्या स्टेडियमांत 2003 पासून दारूवर बंदी होती. फिफाचे सरचिटणीस जेरोम वाल्क 2012 च्या जानेवारीत ब्राझीलमध्ये सांगून गेले, दारू वर्ल्डकपचा भाग आहे, यावर बोलणी नाहीत. जूनमध्ये कायदा आला, बंदी वर्ल्डकपपुरती बाजूला. एका कंपनीच्या बाटलीसाठी देशाचा कायदा वाकतो आणि भज्याच्या टोपलीसाठी दोन किलोमीटर हलत नाही! स्पर्धेतून फिफाला 480 कोटी डॉलर मिळाले. स्टेडियमांचा बहुतेक खर्च मात्र सरकारी तिजोरीचा. 2013 च्या जूनमध्ये लोक रस्त्यावर आले ते उगाच नाही. बसभाड्यावरून पेटलं होतं, पण फलकावर मागणी होती : फिफाच्या दर्जाचे दवाखाने द्या, शाळा द्या.

आणि कवितेतलं सगळ्यात मोठं खोटं म्हणजे तिथला गरीब नुसता उपाशी झोपतो. या बाया झोपल्या नाहीत. त्यांची संघटना होती. सह्या गोळा केल्या, मोर्चा नेला, स्टेडियमच्या उद्घाटनालाच गाऱ्हाणं मांडलं. शेवटी फिफाला काही जणींना जागा द्यावी लागली. थोड्याच जणींना, हेही लिहायला पाहिजे. बाकीच्या फेरीवाल्यांचं काय झालं, तेही.

कविता परत देतोय. टाकून देऊ नकोस. गोल-गोलचा खेळ काढ, कलम 11 ठेव, ती बाई आण. पुढच्या अंकाला अजून वेळ आहे. सुरुवात तेल तापल्यापासून कर.