खासगी कोड-भांडारांचा परामर्श

उंबरमाळीकडील (ता. शहापूर) गांवोगांवचीं दफ्तरें पाहून त्यांची सूची संगणकावर करूं इच्छिणाऱ्या मंडळीनें आपल्या आज्ञावलीचा कोड कोणत्या खासगी भांडारांत ठेवावा, हा प्रश्न आतां केवळ द्रव्याचा राहिलेला नाहीं. गिटहबनें १४ एप्रिल २०२० रोजीं कितीही सहकाऱ्यांस खासगी भांडारें विनामूल्य केलीं. तेव्हां स्वस्ताईपेक्षां टिकाऊपणा पाहिला पाहिजे. गूगल कोड २०१६ सालीं बंद झालें; बिटबकेटनें २०२० सालीं मर्क्युरियल पद्धतीचीं भांडारें सोडून दिलीं. गिट पद्धतींत प्रत्येकाजवळ सर्व फेरफारांसह पूर्ण प्रत राहते व इंटरनेटवांचूनही काम चालतें, हा तिचा मोठा गुण होय. परंतु भांडारावरील चर्चा त्या प्रतींत येत नाहीं. आणि एखादा फेरफार कां केला, याचें उत्तर बहुधा त्या चर्चेंतच असतें. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत पाठभेद पृष्ठाच्या तळाशींच दिले असल्यानें संपादकांचा निर्णय आजही तपासतां येतो. सबब आमचें मत असें कीं, गिटहब खुशाल घ्यावें. मात्र निर्णयाचीं कारणें कोडाशेजारींच टिपणांत लिहावीं आणि एक पूर्ण प्रत मंडळीच्या स्वतःच्या यंत्रावर नित्य ठेवावी.